त्रयोदशीची संथा

मंगळवार पेठ, कोल्हापूर
३ जुलै १९७४

कुमूदबाई पुणेकर,

चार महिने जिचं साधं पोस्टकार्ड येत नाही तिला ‘प्रिय’ लिहायला माझा हात धजत नाही, तेव्हा एवढ्यावर भागव. हुपरीच्या चांदीवाल्यांची लेक पुण्याला जाऊन ग्रीक नि लॅटिन शिकते, हे आता इथं सगळ्यांना पाठ झालंय. अब्बांच्या अत्तराच्या दुकानात गिऱ्हाईक येतं तेही कानात फाया खोचता खोचता विचारतं, “मैत्रीण काय म्हणतीया पुण्याची?” मी सांगते, जुन्या भाषांचे शब्द सोलून आत काय निघतं ते बघतेय. पुढं विचारायची कुणाची हिंमत होत नाही.

उद्या गुरुपौर्णिमा. तात्या म्हणाले, “कुमूद मागच्या दोन वर्षांत आली नाही, यंदा कशाला येईल?” असं म्हणाले, आणि उठून तुझं आसन झटकून भिंतीला लावून ठेवलं. मी बघत होते. खालच्या गिरणीच्या पिठानं पांढरा झालेला त्यांचा जिना रोज चढते मी, आणि आसन झटकलं जातं तुझं. वाईट वाटलं, लपवत नाही.

काल संध्याकाळी त्यांच्याकडे गेले होते तेव्हा व्याकरणातल्या द्वित्वाच्या प्रकरणाचा विषय निघाला. त्यांच्या गुरूंनी त्यांना तोंडी दिलेलं, कुठंही न लिहिलेलं, ते. म्हणाले, “हे मी एकाच माणसाला देणार. गुरूंनी तशीच अट घातली होती. कुमूद आली की तिला.” तात्यांना आता जिना उतरवत नाही गं. बोलताना मधेच एखादा शब्द सापडत नाही, मग स्वतःवरच चिडतात. शब्दांवर ज्यानं जन्म काढला त्याला शब्द सापडू नये, हे बघवत नाही. तू लवकर ये.

तुझीच,
सलिमा


पुणे
११ जुलै १९७४

सलिमा,

तुझं पत्र सकाळी आलं आणि माझा दिवस नासला.

आधी कामाचं सांगते. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण अडून बसलंय ते नेमकं तिथंच. ‘दा’ म्हणजे देणे. त्याचं भूतकाळी रूप आपल्याकडे ‘ददौ’, ग्रीकमध्ये ‘देदोका’, लॅटिनमध्ये ‘देदी’. तिन्ही बहिणी, तिघींनी तोच ‘द’ दोनदा म्हटलाय. आता पहिला ‘द’ मूळ आणि दुसरा नक्कल, की उलटं, की दोन्ही मिळून एकच? युरोपातल्या पंडितांचं यावर एकमत नाही, आपल्या भाष्यकारांचं नाही. तात्यांपाशी याचं उत्तर आहे. मी बी.ए.ला असताना त्यांनी मला सांगितलं होतं, तू तयार झालीस की देईन. ते उत्तर माझं आहे. त्याच्याशिवाय माझा प्रबंध उभा राहत नाही, हे माझे मार्गदर्शकही जाणून आहेत.

आता बिनकामाचं. ‘काल संध्याकाळी त्यांच्याकडे गेले होते’ असं तू तीन तारखेला लिहिलंस. मी पंचांग काढलं. दोन तारखेला त्रयोदशी होती. सलिमा, त्रयोदशीला तात्यांचं दार बंद असतं. व्याकरणाच्या मुनींना सिंहानं मारलं ती तिथी. महिना कुणाला माहीत नाही, पक्ष माहीत नाही, म्हणून प्रत्येक त्रयोदशीला अनध्याय. माझ्या पेपरच्या आदल्या दिवशी त्रयोदशी आली तेव्हा मी त्या जिन्यावर बसून रडले होते. तात्यांनी आतून फक्त एवढं सांगितलं, “उद्या ये.” उद्या पेपर होता! शेवटी गिरणीवाल्या धोंडुबाईंनी मला चहा पाजून घरी लावून दिलं.

मग तू त्या दिवशी वर काय करत होतीस? तुझ्यासाठी ते दार उघडतं का? माझ्यासाठी सात वर्षांत एकदाही उघडलं नाही.

कुमूद


कोल्हापूर
१९ जुलै १९७४

अगं बाई,

पंचांग काढलंस! तीन भाषांचं व्याकरण पालथं घालणारी मुलगी मैत्रिणीच्या पत्राची तारीख पंचांगाशी ताडून बघते. मी पत्र वाचून एवढी हसले की आजी हाफिजाबी जपाची माळ सोडून बघायला आल्या.

तर ऐक. परवा बुधवारीही मी वर गेले होते. काढ पंचांग. तीही त्रयोदशीच होती.

तात्या मला त्या दिवशी व्याकरण शिकवत नाहीत. एवढंच सांगते. जास्त विचारू नकोस, मी शब्द दिलाय, आणि ज्याला दिलाय त्याचा मान तुलाही आहे. तू ये आणि स्वतः बघ. पुण्याहून कोल्हापूर म्हणजे काही रोम नव्हे.

आणि ‘ते उत्तर माझं आहे’ हे वाक्य मी तीनदा वाचलं. तुला बी.ए.ला असताना सांगितलं होतं म्हणतेस. तेव्हा तुझ्या शेजारी कोण बसलं होतं, कुमूद? चांदीवाल्याची नि अत्ताराची पोरगी शास्त्र शिकते म्हणून तात्यांचे चार जुने शिष्य उठून गेले, तेव्हा खोलीत उरल्या त्या दोघी होत्या. तू शिष्यवृत्ती घेऊन गेलीस. अब्बांचा दमा बळावला म्हणून मी राहिले. मी मुलींच्या शाळेत हिंदी शिकवते आणि संध्याकाळी दुकानात बसते. माझा प्रबंध नाही, म्हणून मला उत्तर नको असेल असं तुला का वाटलं?

पण मी तात्यांकडे मागितलेलं नाही. आसन तुझं आहे. ये.

सलिमा


पुणे
२५ ऑगस्ट १९७४

सलिमा,

शब्द दिलाय म्हणे. तुझा शब्द फुटला. मी नाही फोडला, धोंडुबाईंनी फोडला.

आमचा हंबीरदादा पैंजणांचा माल घेऊन इथं आला होता. आई बाजाराला कोल्हापुरात आली नि तुझ्या पेठेतल्या गिरणीत डोकावली, तेव्हा धोंडुबाई काय म्हणाल्या ते त्यानं मला जसंच्या तसं ऐकवलं. “तुमची कुमूद ऱ्हायली पुण्यात, हिकडं अत्ताराची सलिमा बसतीया की तात्यांच्या पाटावर! मी पीठ द्यायला वर गेलतो, ह्या डोळ्यानं बघिटलं. ती पाटावर, आन् तात्या खाली घोंगड्यावर, हात जोडून. ती एकदा म्हणतीया, आन् ते दोनदा म्हणत्यात.”

दादाला त्यात काही वाटलं नाही. तो म्हणाला, “बसली आसंल बापडी, तुला काय करायचं हाय?” मला मात्र रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. संथेची रीत तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. देणारा पाटावर बसून एकदा म्हणतो, घेणारा खाली बसून दोनदा. याचा एकच अर्थ होतो. तात्यांनी प्रकरण तुला दिलं, आणि ते तुझ्या तोंडी पक्कं बसलं का हे बघायला तुला पाटावर बसवून स्वतः संथा घेतली. उत्तराधिकाऱ्याची परीक्षा अशीच घेतात, हे त्यांनीच आपल्याला सांगितलं होतं. आणि ती घेतली कधी? त्रयोदशीला, कुणी येणार नाही हे बघून!

मला तुझा हेवा वाटतो. लिहून टाकते म्हणजे तुला ओळींच्या मधलं वाचत बसायला नको. इथं माझ्यापाशी पंचवीस कोश आहेत आणि एकही माणूस नाही जो मी चुकले तर बोट वर करेल. तुझ्यापाशी तात्या आहेत, रोज, जिना चढला की. तेवढ्यावर तुझं भागलं नाही.

तात्यांनाही मी पत्र टाकलंय. त्यांनी नियम मोडला असं स्पष्ट लिहिलंय.

कुमूद


कोल्हापूर
८ सप्टेंबर १९७४

चि. कुमूद हिला तात्यांचा आशीर्वाद, रागासकट.

तुझे पत्र पोचले. त्यात व्याकरणाची एकही चूक नाही. बाकी सर्व चुकाच आहेत.

पाट माझा आहे. त्यावर कोणास बसवावयाचे ते मी ठरवीन. त्रयोदशीस आपल्या शास्त्राचा एक शब्दही या घरात उच्चारला गेलेला नाही. चाळीस वर्षे पाळलेली गोष्ट मी म्हातारपणी मोडीन असे तुला वाटले, याचे मला हसू आले आणि मग आले नाही.

प्रकरण अद्याप माझ्यापाशीच आहे. ते तुझ्यासाठी ठेवले आहे. पण माझी जीभ आता अधूनमधून माझे ऐकत नाही. वैद्य काही म्हणोत, मला कळते. माझ्याबरोबर ते जाऊ देणार नाही असे मी गुरूंना बोललो आहे. तेव्हा भाऊबीजेपर्यंत ये. आलीस तर तुला. नाही आलीस तर सलिमेला देईन, आणि मग तक्रार चालणार नाही.

येताना ग्रीक भाषेचे एखादे लहान पुस्तक आणावे. अक्षरे मोठी असावीत.

विनायकशास्त्री


पुणे
९ नोव्हेंबर १९७४

सलिमा,

मी दिवाळीला येत नाही. तात्यांना वेगळं लिहिण्याचं धाडस नाही, तू सांग.

कारण हवं असेल तर हे घे: जर्मनीहून एक प्राध्यापक आलेत, पाडव्यापासून आठवडाभर त्यांची व्याख्यानं आहेत, आणि त्यांच्यापुढं मला माझं तिसरं प्रकरण वाचायला सांगितलंय. अशी संधी पुन्हा येत नाही.

खरं कारण हवं असेल तर तेही घे. तात्यांनी तुला माझ्या रांगेत उभं केलं. ‘आलीस तर तुला, नाही आलीस तर सलिमेला.’ भाजी संपायच्या आत या, नाहीतर दुसऱ्या गिऱ्हाइकाला जाईल, तसं. सात वर्षं मी त्या खोलीत एकटी वारस होते. निदान मला तसं वाटत होतं. आता धावत येऊन तुझ्या आधी हात पुढं करू? नाही जमत मला. आणि धोंडुबाईंनी काय पाहिलं ते तू अजून सांगितलं नाहीस, तात्यांनीही नाही. दोघांचं आपापसात काही आहे आणि मी बाहेरची आहे, एवढं मला समजलं.

घे तू. बस पाटावर. ते जुनं प्रकरण कदाचित एवढं मोठं नसेलही. माझं मी शोधीन.

कुमूद


कोल्हापूर
२२ डिसेंबर १९७४

कुमूद,

हे पत्र मी तीन वेळा लिहून फाडलं. आता फाडणार नाही, जसं येईल तसं जाऊ दे.

भाऊबीजेच्या दिवशी तात्या सकाळी अंघोळ करून बसले. संध्याकाळपर्यंत जिन्यावर पाऊल वाजलं की मान वर करायचे. एकदा दळण घेऊन गिरणीतला पिराजी आला, एकदा मी आले. दिवे लागल्यावर म्हणाले, “बस.” मी तुझ्या आसनावर बसले नाही, माझ्याच आसनावर बसले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी प्रकरण द्यायला घेतलं. खाली गिरणीची घरघर, वर त्यांचा आवाज. मधे मधे शब्द अडायचा, मग डोळे मिटून मागून धावत यायचे आणि तो पकडायचे. पुरं झालं तेव्हा त्यांनी माझ्याकडून सगळं म्हणवून घेतलं आणि बोट एकदाही वर केलं नाही. “झालं,” म्हणाले, “आता मी मोकळा.”

त्यानंतर आठवडाही गेला नाही. सकाळी मी गेले तर ते अंथरुणात बसलेले, तोंड एका बाजूला ओढलेलं. उजवा हात गेला आणि वाचा गेली. ऐकू येतं, समजतं, माणूस ओळखतात. बोलायला जातात आणि नुसता घोगरा आवाज येतो. मग डाव्या हातानं भांडं भिरकावतात. धोंडुबाई भरवतात, त्यांच्याकडून खातात. माझ्याकडून खात नाहीत. मला बघितलं की डोळे भरतात, का ते मला कळतं.

आता धोंडुबाईंनी पाहिलं त्याचं. शब्द ज्याला दिला तोच आता बोलत नाही, तर मी कुणासाठी गप्प राहू? दोन वर्षांपूर्वी तू तात्यांना एक लांबलचक पत्र लिहिलं होतंस. आपलं ‘पितर’, लॅटिनचं ‘पातेर’, फारसीचं ‘पिदर’, सगळी एकाच घरची. तू लिहिलं होतंस की या भाषा येत नसतील तर आपलं व्याकरणही अर्धंच कळतं. ते वाक्य म्हाताऱ्याला झोंबलं. एके दिवशी मला म्हणाले, “ग्रीक शिकवणारा कोल्हापुरात मला कोण भेटणार? पण फारसी तर रोज माझा जिना चढून येते.” आजी हाफिजाबी हैदराबादच्या, त्यांनी मला लहानपणी फारसी शिकवली होती हे त्यांच्या लक्षात होतं. “त्रयोदशीला ये. त्या दिवशी आपलं शास्त्र बंद. फारसीला कुणाचा सिंह आडवा येत नाही.”

तर मी शिकवत होते, कुमूद. शिकवणारा पाटावर, शिकणारा खाली, यावर त्यांनी हटून मला पाटावर बसवलं. ‘आहे’ला फारसीत ‘अस्त’ म्हणतात हे कळल्यावर त्यांनी टाळी वाजवली. “अस्ति! आपलाच अस्ति, शेपूट तुटलेला!” मग ‘दिले’ला नुसतं ‘दाद’ म्हणतात हे कळल्यावर दिवसभर नाराज होते. “यांनी द्वित्व कुठं टाकलं? एवढी जुनी गोष्ट, आणि उधळून मोकळे!” हे सगळं तुझ्याशी बोलायचं होतं त्यांना. तू आलीस की तुझ्यासमोर फारसीत चार वाक्यं बोलून तुला थक्क करायचं, म्हणून मला तोंड बंद ठेवायला लावलं. सत्तरी उलटलेला माणूस तुझ्या विषयात तुझ्या मागं धावत होता.

हे मी तुला सप्टेंबरात लिहू शकले असते. तू दुसऱ्या दिवशी गाडीत बसली असतीस. मी नाही लिहिलं. शब्द दिला होता हे खरं, पण तेवढंच खरं नाही. मलाही ते प्रकरण हवं होतं. तू सात वर्षं म्हणतेस, त्या सात वर्षांत मीही होते, आणि तात्यांना दोन वर्षं शिकवूनही त्यांनी एकदाही मला विचारलं नाही की सलिमा, तुला पुढं शिकायचंय का. शिकवत असताना डोळे सारखे दाराकडे, तुझ्यासाठी. तुला ग्रीक मिळालं, लॅटिन मिळालं, जर्मन प्राध्यापक मिळाले. मला एक प्रकरण मिळालं तर तुझा तिळपापड झाला. माझा तर रोज होत होता, मी फक्त लिहून पाठवत नव्हते.

आता सगळं कोल्हापुरात एकाच तोंडात आहे, आणि ते तोंड माझं आहे. कागदावर उतरवून पाठवणार नाही. तात्यांना कागद नको होता. आणि खरं सांगू? फुकट द्यावंसंही वाटत नाही. हवं असेल तर इथं येऊन, माझ्यासमोर खाली बसून, संथा घे. मी एकदा म्हणीन, तू दोनदा. तात्या पलंगावर असतील. कुणी चुकलं की डावा हात उचलतात, गिरणीतल्या पोरांच्या हिशेबालासुद्धा.

सलिमा


पुणे
२८ डिसेंबर १९७४

सलिमा,

तुझं पत्र घेऊन दोन दिवस फिरतेय. जर्मन प्राध्यापकांनी माझं तिसरं प्रकरण ऐकून विचारलं होतं, “आणि तुमच्या परंपरेत याचं उत्तर काय?” मी म्हणाले, शोधते आहे. भरल्या सभेत. त्याच आठवड्यात तात्या तुझ्यासमोर बसून ते उत्तर म्हणत होते.

तुझा फार राग आला. तू सांगितलं नाहीस याचा. मग वाटलं, मी तुझ्या जागी असते तर मीही सांगितलं नसतं. उलट वर एक पत्र पाठवून लिहिलं असतं की येऊ नकोस, तात्या मजेत आहेत. तेव्हा या बाबतीत तू माझ्यापेक्षा बरी, आणि हेही मला सहन होत नाही.

रात्री ते ग्रीकचं पुस्तक बाजारात शोधलं. मोठ्या अक्षरांचं मिळालं. त्यांना ते आता कशाला, असं मनात आलं आणि तरी घेतलं. कान तर शाबूत आहेत. मी वाचीन, ते ऐकतील, मग भांडं भिरकावायचं तर भिरकावू दे.

मी शुक्रवारच्या गाडीनं येते. महिनाभर राहीन. तुला दिवसा शाळा, संध्याकाळी दुकान, तेव्हा पहाटे बसू. अब्बांच्या दुकानात संध्याकाळी मी बसेन, तू वरच्या खोलीत एम.ए.चा फॉर्म भरायला घे. विद्यापीठ तुझ्या घरापासून पायी जायच्या अंतरावर आहे आणि माझ्याकडे पंचवीस कोश आहेत. हे उपकार नाहीत. मला बरोबरीचं कुणीतरी हवंय, ज्याचा हेवा केला तरी कमीपणा वाटत नाही.

मी खाली बसेन. घोंगडं असेल तर घोंगड्यावर. तू एकदा म्हण, मी दोनदा म्हणेन. प्रबंधात लिहीन, हे प्रकरण सलिमा अत्तार यांच्या मुखातून घेतले. ते वाक्य लिहिताना माझा जळफळाट होईल, तो तुला बघायला मिळेल.

आणि एक आत्ताच सांगून ठेवते. मला शिकवताना तू अडखळलीस, तात्यांचा डावा हात तुझ्यासाठी वर गेला, तर मला आतून फार फार आनंद होईल.

पण चुकू नकोस, सलिमा. आता तुझ्याशिवाय कुणाला विचारू?

कुमूद